थंडी आवडते म्हणजे नेमकं काय आवडतं?

डिसेंबर लागला की नाशिकच्या पेपरांत एक बातमी ठरलेली असते: निफाडचा पारा घसरला. सोबत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा. तो सहा-सातवर आला की व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर असं कौतुक सुरू होतं, जणू पारा आपणच खाली ओढून आणलाय. पुण्याच्या चुलतभावाला तो आकडा पाठवला जातो, मुंबईच्या मेव्हण्याला तर हमखास. एप्रिलमध्ये आपलंच मालेगाव चाळिशीच्या पुढे जातं, तेव्हा मात्र कोणाला अभिमान वाटत नाही.

हिवाळा 'आपला' वाटणारी माणसं सगळीकडे असतात. पावसाळा आपला वाटणारी असतात, आणि थोडी का होईना, उन्हाळ्यावर जीव टाकणारीही असतात. ही आवड स्वभावातून येते असं आपण धरून चालतो. पण तिच्यामागे बरंच शरीर आहे, थोडा भूगोल आहे आणि काही प्रमाणात खिसाही आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. नाशिककराला थंडी आवडत नाही. त्याला आवडते ती थंडीतून होणारी सुटका, आणि नाशिकचा हिवाळा ती दिवसातून तीन-चारदा देतो.

शरीराचं म्हणणं

नुसतं बसून असलो तरी आपलं शरीर साधारण शंभर वॉट इतकी उष्णता तयार करत असतं. आतलं तापमान ३७ अंशांच्या आसपास ठेवायचं, तर ही उष्णता सतत बाहेर टाकावी लागते. बाहेरची हवा त्वचेपेक्षा गार असेल तर हे काम आपसूक होतं. हवा त्वचेइतकीच तापली, म्हणजे ३४-३५ च्या वर गेली, की घामाशिवाय दुसरा मार्ग उरत नाही. हवेत ओल असेल तर तोही नीट चालत नाही. "थंडीत कपडे वाढवता येतात, उन्हाळ्यात किती काढणार?" हा हिवाळाप्रेमींचा ठरलेला युक्तिवाद घासून गुळगुळीत झालाय, पण शरीरशास्त्राच्या हिशोबाने खोटा नाही.

गारवा वाढला की उलटा कारभार सुरू होतो. त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून आधी बोटं आणि नाकाचा शेंडा गार पडतो. शरीर हातापायांचं रक्त कमी करून पोटाछातीकडची ऊब राखतं. मग अंगावर काटा येतो, त्यानेही भागलं नाही तर कुडकुडणं सुरू होतं. कुडकुडणं म्हणजे स्नायूंनी काहीही काम न करता नुसती उष्णता काढणं. याशिवाय आपल्या शरीरात तपकिरी चरबी असते, जिचं कामच ऊर्जा जाळून ऊब देण्याचं. पूर्वी समज होता की ती तान्ह्या बाळांतच असते. मोठ्या माणसांतही ती असते आणि काम करते, हे २००९ मध्ये पक्कं दिसलं. ती कोणात जास्त, कोणात कमी. स्नायू कमी-जास्त, अंगावरची चरबी कमी-जास्त, वय वेगळं. एकाच खोलीत एक जण पंखा लावतो आणि दुसरी शाल ओढते, त्यामागे हट्टापेक्षा हे फरक जास्त असतात. घरोघरी पंख्यावरून होणाऱ्या भांडणांत हा मुद्दा कामाला येईल असं वाटत नाही, तरी सांगून ठेवतो.

आता मुद्द्याची गोष्ट. मिशेल काबानाक नावाच्या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये एक कल्पना मांडली. त्याने लोकांना गरम किंवा गार पाण्याच्या टबात बसवलं आणि हाताला वेगवेगळ्या तापमानाचा स्पर्श देऊन विचारलं, सुखद वाटतं की नकोसं? हाताला मिळणारा गारवा तोच. पण शरीर आतून तापलेलं असेल तर तो हवाहवासा, आणि शरीर निवलेलं असेल तर तोच नको. म्हणजे सुख त्या गारव्यात किंवा उबेत नसतं. शरीर ज्या बाजूला कललंय, तिथून त्याला परत जागेवर आणणारी जी गोष्ट असेल, ती सुखद वाटते. या गुणाला त्याने 'अ‍ॅलिस्थेशिया' असं नाव दिलं. नाव विसरलात तरी चालेल, पण या कल्पनेचा परिणाम लक्षात ठेवण्यासारखा आहे: शरीर अगदी बरोबर तापमानात असेल, तर ना त्रास होतो ना सुख. दिवसभर २४ अंशांच्या एसीत बसणाऱ्या माणसाला कसलीच तक्रार नसते, पण "आहाहा" असंही कधी त्याच्या तोंडून निघत नाही.

शेकोटीपाशी हे सगळं पाच मिनिटांत दिसतं. आलेला माणूस आधी तळवे पुढे धरतो, कारण तेच सगळ्यात गार पडलेले असतात. पहिला अर्धा मिनिट तोंडावर जे समाधान असतं, ते नंतर टिकत नाही. गुडघ्यांवरची पँट तापायला लागते, तो एक पाऊल मागे सरकतो. पाठ अजून गारच असते, म्हणून वळतो. मग पाठ तापते, पुन्हा वळतो. कोणी सांगावं लागत नाही, सगळे जण आपापल्या गतीने फिरत असतात. शेकोटी तितकीच, जाळ तितकाच. सुख मात्र दर वेळी गार राहिलेल्या बाजूलाच मिळतं.

चहाचंही तेच आणि मिसळीचंही, पण मिसळीत एक गंमत आणखी आहे. जिभेवर आणि त्वचेत उष्णता ओळखणारं एक प्रथिन असतं, जे साधारण ४३ अंशांच्या वर तापलं की 'चटका' असा निरोप मेंदूला धाडतं. मिरचीतलं कॅप्सेसिन नेमकं याच प्रथिनाला चिकटतं. म्हणून तर्री थंड झाली तरी तोंड पोळतं. हे शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना अर्डेम पॅटापुटियन यांच्यासोबत २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. आता खरी मेख अशी की मिरचीने अंग तापल्यासारखं वाटतं, घाम येतो, आणि घाम शेवटी शरीर गारच करतो. म्हणजे डिसेंबरच्या रविवारी सकाळी मखमलाबाद रोडला चुलीवरची मिसळ खाऊन "काय ऊब आली" म्हणणारा माणूस शास्त्राप्रमाणे अंग निववण्याच्या कामाला लागलेला असतो. त्याला हे सांगू नये. मिसळ गरम असते, चूल जवळ असते, त्याचं बरं चाललेलं असतं.

मग नाशिकच का?

सुख फरकातून येत असेल, तर फरक किती मिळतो हे बघायला हवं. जानेवारीत नाशिकचं सरासरी किमान तापमान १० अंशांच्या आसपास असतं आणि कमाल २८-२९. म्हणजे पहाटे सहा आणि दुपारी तीन यांत अठरा-एकोणीस अंशांचं अंतर. मुंबईत कुलाब्याला त्याच महिन्यात ते अकराच्या आसपास राहतं. नाशिकमध्येच ऑगस्टमध्ये दिवस आणि रात्र यांत जेमतेम पाच-सहा अंशांचा फरक असतो.

कोणी म्हणेल, मे महिन्यातही आपल्याकडे दिवस-रात्रीत पंधरा-सोळा अंशांचा फरक असतोच की. असतो, आणि म्हणूनच गच्चीवर अंथरूण टाकून झोपणाऱ्यांना नाशिकचा उन्हाळा आवडतो. पण मेमध्ये ही सुटका फक्त रात्री मिळते, आणि तीही एकाच दिशेची, तापलेल्या अंगाला गारवा. जानेवारीत तापमान आपल्या सोयीच्या पट्ट्याला खालून शिवतं, वर येतं, पुन्हा खाली जातं. सकाळी कोवळं ऊन सुखाचं, अकरा वाजता स्वेटर काढणं सुखाचं, दुपारी झाडाखालची सावलीही सुखाची, आणि संध्याकाळी पुन्हा शाल. कडाक्याच्या प्रदेशांत हे जमत नाही. जिथे दिवसही शून्याखाली जातो, तिथे ऊब घराच्या आतच भेटते.

हा फरक येतो कुठून? नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंच आहे आणि सह्याद्रीच्या पलीकडे, समुद्राच्या दमट हवेपासून बाजूला. हिवाळ्यात हवा कोरडी आणि आकाश निरभ्र. दिवसा ऊन थेट जमिनीवर पडतं, रात्री जमीन ती उष्णता सरळ आकाशात सोडून देते. ढग आणि हवेतली वाफ ही उष्णता अडवून बरीचशी परत खाली धाडतात, रात्रीपुरती गोधडीच म्हणा. ती नसली की पहाटेपर्यंत जमीन निवत जाते, आणि तिला टेकलेली हवाही.

थंडी लाटांनी येते याचं कारण मात्र दूर आहे. भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारे पश्चिमी झंझावात हिमालयात बर्फ टाकतात. ते पुढे सरकले की त्यांच्या मागे उत्तरेकडून कोरडे, गार वारे सुटतात आणि त्यांतले काही सातपुडा ओलांडून आपल्यापर्यंत पोचतात. उलट वातावरण ढगाळ झालं की आपल्याकडची थंडी एका रात्रीत पळते. "काल इतकी थंडी होती, आज कुठे गेली?" याचं उत्तर बहुधा वर बघितलं की मिळतं. हवामान खात्याच्या व्याख्येत सपाट भागात किमान तापमान १० किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी कमी असेल, तेव्हा ती 'थंडीची लाट'. एरवी आपण ज्याला लाट म्हणतो ती बऱ्याचदा नुसती थंडी असते.

निफाड शहरापेक्षा गार का, हाही नेहमीचा प्रश्न. गार हवा जड असते, ती उताराने खाली वाहते आणि गोदावरी-कादवेच्या सखल, सपाट पट्ट्यात साठते. भोवती मोकळी शेतं असल्याने जमीन पटकन निवते. शहरात दिवसभर तापलेलं काँक्रीट आणि डांबर रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतं. दुसरं असं की आकडा जमिनीपासून काही फूट वर, पांढऱ्या जाळीच्या पेटीत ठेवलेल्या तापमापकाचा असतो. उघड्यावरचं पान त्याहून गार होतं. म्हणून पारा तीन-चारवर असतानाही निफाडच्या शेतांत दव गोठल्याचे फोटो येतात, आणि ते खरे असतात.

उजेडाची बाजू

युरोप-अमेरिकेत हिवाळ्याची चर्चा निघाली की उदासीचा विषय येतोच. नॉर्मन रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये ऋतूनुसार येणाऱ्या नैराश्याचं वर्णन केलं, तेव्हा त्याचा मुख्य संबंध लहान दिवसांशी होता. डोळ्यांत सकाळचा उजेड शिरला की मेंदूतलं घड्याळ जुळवलं जातं आणि झोपेशी निगडित मेलाटोनिन ओसरतं. उजेडच उशिरा आणि मंद आला की काही जणांचं हे घड्याळ बिनसतं.

हे चित्र जसंच्या तसं नाशिकवर डकवायचं कारण नाही. आपण विषुववृत्तापासून वीस अंशांवर. सगळ्यात लहान दिवसही जवळपास अकरा तासांचा, सगळ्यात मोठा सव्वातेरा तासांच्या थोडा पुढे. शिवाय आपला हिवाळा लख्ख असतो. आपल्याकडे उजेडाची तूट पडते ती जुलै-ऑगस्टमध्ये. त्र्यंबक, इगतपुरीकडच्या लोकांना विचारा, तिकडे सूर्य दिसला की तो सांगण्यासारखा विषय असतो. त्यानंतर ऑक्टोबरची तलखी येते, जमीन ओली, आकाश मोकळं, अंग चिकट. दिवाळीच्या पहाटे पहिल्यांदा अंगावर काटा येतो तेव्हा त्यात आधीच्या चार महिन्यांची सुटका असते. म्हणून मला वाटतं, नाशिककराच्या हिवाळाप्रेमात निम्मा वाटा पावसाळा आणि ऑक्टोबरचा आहे. हाच हिवाळा मे महिन्यानंतर लगेच आला असता तर पावसाळ्याला आज मिळतं ते प्रेम त्याला मिळालं असतं आणि पावसाळ्याकडे कोणी ढुंकून बघितलं नसतं.

सगळ्यांचं असं होत नाही. काहींना उन्हाळ्यातच खिन्न वाटतं, भूक मरते, झोप उडते. या प्रकाराची नोंदही १९८७ पासून आहे. कोणता ऋतू मानवत नाही हे ठरवताना मनाच्या तक्रारीही जमेस धरायला हरकत नाही.

झोपेचं गणित सोपं आहे. झोप लागताना शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं, गार खोलीत ते लवकर उतरतं. फक्त पाय गार असतील तर उलट झोप लांबते, कारण तळव्यांतूनच उष्णता बाहेर पडायची असते आणि आकसलेल्या रक्तवाहिन्या ती पडू देत नाहीत. मोजे घालून झोपणाऱ्यांची थट्टा करणाऱ्यांनी हे वाचावं.

आणि आठवणी. वासाची वार्ता मेंदूत भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या भागांपर्यंत फार थेट पोचते, बाकीच्या संवेदनांसारखा वळसा घेत नाही. ट्रंकेतून काढलेल्या स्वेटरचा डांबरगोळ्यांचा वास, डिंक तळताना उठणारा तुपाचा वास, बंबात टाकलेल्या काटक्यांचा धूर. लहानपणी सुट्टी ज्या ऋतूत लागायची त्यालाही मोठेपणी भाव जास्त मिळतो, म्हणून आंब्याच्या सुट्टीवाले लोक उन्हाळ्याची बाजू घेताना तावातावाने बोलतात.

ज्यांना सुटका मिळत नाही

आतापर्यंत जे सुख सांगितलं, ते एका अटीवर उभं आहे: थंडीतून बाहेर पडणं आपल्या हातात हवं. वॉचमनला पहाटे चार वाजता ते नसतं. रामकुंडाच्या आसपास उघड्यावर झोपणाऱ्यांनाही नाही. भल्या पहाटे मार्केट यार्डात भाजी उतरवणाऱ्याच्या हातांनाही नाही. त्यांच्यासाठी गारवा हा नुसता गारवाच असतो, त्यापुढे कोवळं ऊन येईपर्यंत तीन तास काढायचे असतात.

द्राक्षबागायतदाराची गोष्ट तर आणखी टोकदार आहे. ऑक्टोबर छाटणी झालेल्या बागेत जानेवारीत मणी फुगत असतात, काहींत साखर भरत असते. पारा फार उतरला की वेलीचं काम मंदावतं, फुगवण थांबते, मणी तडकतात. आणि पहाट फार गार, दुपार चांगली तापलेली असा प्रकार काही दिवस चालला की थॉमसन जातीच्या हिरव्या द्राक्षांच्या घडात मणी गुलाबी पडायला लागतात. बागायतदार त्याला 'पिंक बेरी' म्हणतात. खायला ते द्राक्ष ठीक असतं, पण निर्यातीच्या पेटीत चालत नाही. म्हणून पिंपळगाव, दिंडोरीकडे गेलात तर घडांना कागद गुंडाळलेले दिसतात. ज्या तफावतीला आपण गुलाबी थंडी म्हणून मिरवतो, तीच तिकडे मण्यावर उतरते आणि भाव पाडते.

रात्री बागेत शेकोट्या पेटवतात, पहाटे विहिरीचं पाणी सोडतात. पाणी सोडण्यामागचं कारण सोपं आहे. काही मीटर खाली जमिनीचं तापमान वर्षभर जवळजवळ सारखं, तिथल्या वार्षिक सरासरीइतकं असतं, आपल्याकडे पंचविशीच्या आसपास. म्हणून विहिरीचं पाणी हिवाळ्यात कोमट लागतं आणि ते बागेत थोडी ऊब आणतं. शेजारच्या रानातला गहूवाला मात्र त्याच थंडीवर खूश असतो, कारण गारव्यात गव्हाला फुटवे चांगले येतात. कांदेवाल्याचं मधलंच काहीतरी: रोप एका वाढीच्या पुढे गेल्यावर थंडी जास्त दिवस राहिली तर डेंगळे येतात, म्हणजे कांदा पोसण्याऐवजी फुलाचा दांडा वर काढतो. एकाच बांधाच्या दोन बाजूंना एकाच आकड्यावर दोन मतं असू शकतात, आणि दोन्ही बरोबर.

घरातल्या वडीलधाऱ्यांचंही ऐकून घ्यावं. वय वाढलं की स्नायू कमी होतात, रक्तवाहिन्या आकसायला वेळ लागतो, गारवा लागलाय हे कळायलाही उशीर होतो. थंडीत रक्तदाब वाढतो आणि हृदयावर ताण येतो. म्हणून गंगापूर रोडवर पहाटे साडेपाचला फिरायला जाण्याचा नियम आजोबांनी जानेवारीपुरता ऊन येईपर्यंत पुढे ढकलला तर काही बिघडत नाही. सूर्य तसाही सात वाजून गेल्यावरच उगवतो. आणि तरुण वयात कोणाला इतरांपेक्षा फारच थंडी वाजत असेल, हातपाय सतत गार पडत असतील, थकवा असेल, तर "तुला सवय नाही" म्हणून सोडून देऊ नये. हिमोग्लोबिन आणि थायरॉईड एकदा तपासून घ्यावं. हिवाळा नावडण्याचं कारण कधी कधी रक्ताच्या रिपोर्टमध्ये सापडतं.

सवय, आणि वाढतं शहर

शरीर नव्या तापमानाला आठवड्या-दोन आठवड्यांत बरंच जुळवून घेतं. नोव्हेंबरातले १४ अंश अंगावर येतात, फेब्रुवारीतले १४ अंश सुखाचे वाटतात. हिवाळा आवडतो की नाही हे म्हणूनच पहिल्या थंडीच्या दिवशी ठरवू नये.

शहर पसरतं तसा फरकही आकसतो. काँक्रीट रात्रीचं तापमान वर धरून ठेवतं, त्यामुळे दुपार तेवढीच आणि पहाट मात्र पूर्वीइतकी गार नाही, असं दाट वस्तीत होतं. हे स्वतः बघायचं असेल तर एकाच दुकानातून दोन साधे तापमापक घ्या. आधी दोन्ही एका टेबलावर शेजारी ठेवून सारखेच दाखवतात ना ते पाहा. मग एक कॉलेज रोडच्या फ्लॅटच्या गॅलरीत, भिंतीला न टेकता, सावलीत लावा. दुसरा आडगावच्या पुढे मळ्यात राहणाऱ्या एखाद्या मित्राकडे द्या. आठवडाभर सकाळी सहाचा आणि दुपारी तीनचा आकडा लिहून काढा. दुपारचे आकडे बहुतेक जवळजवळ येतील. सकाळचे येणार नाहीत, आणि मळ्यातला मित्र फोनवर तुमच्या आकड्याला हसेल.